कमरेचा दोर

बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर

धाकटे, तुला पोटभर आशीर्वाद. मालकांना नमस्कार सांग. मी बरी आहे, म्हणजे आता बरी आहे.

सगळ्यांत आधी आली ती पिंपवाली. दुसरं कोण येणार! शेजारी दूध उतू गेलं तरी हिला आधी कळतं. बादली घेऊन धावत आली, आणि बादली रिकामी. मी अंगणात उताणी पडलेली, खोकून खोकून जीव अर्धा झालेला, आणि ही माझ्यावर वाकून विचारते, "आक्का, पाणी किती आणू?" मी म्हटलं, "मेले, आधी आण, मग विचार." मला बोलता येतंय हे बघून ती अशी रडायला लागली, की आग राहिली बाजूला, सगळे तिलाच गप्प करत बसले. आपली गल्ली तुला ठाऊक आहे. तू गेल्यापासून काही शहाणी झालेली नाही.

घाबरू नकोस. दोरखाना जळाला. बाबांनी बांधलेला तो लांबलचक दोरखाना, जिथे आपण दोघी मागे मागे चालत दोर वळायला शिकलो, त्याचं दाराकडचं अर्धं छप्पर गेलं. चाक वाचलं, मी वाचले. आणि मला बाहेर कुणी काढलं, सांगू? माझ्या भिंगरीने!

तू तिला पाहिलंस तेव्हा ती पाळण्यात होती. लेक गेली, तिच्या मागे एवढीच राहिली मला. आता चाक फिरवते, वाख विंचरते, आणि तोंड तर चाकापेक्षा जोरात फिरतं, म्हणून भिंगरी. त्या दुपारी मी जेवून दोरखान्याच्या मागच्या टोकाला वाखाच्या ढिगावर जरा आडवी झाले होते. आईची सवय, दुसरं काय. जाग आली ती धुराने. दाराकडे बघते तर दार कुठे दिसतंय, नुसता लाल जाळ. मागे भिंत. दोर गल्लीत सोडायला खाली भोक आहे ना, ज्यातून आपण लपून बाहेर जायचो? त्यातून आता मांजरसुद्धा अंग चोरून जातं. तर त्या भोकातून आधी एक हात आला, मग डोकं, मग अख्खी पोर. आली, मोगरी उचलली, आणि मागच्या फळ्या फोडल्या. मला पाय धरून ओढलं. डोकं भिंतीच्या पायाच्या दगडावर असं आपटलं की अजून टेंगूळ आहे. मी ओरडले, "अगं, वाचवतेस की मारतेस!" तर म्हणते, "आज्जी, आधी बाहेर हो, मग भांड."

अशी पोर आहे. मी गल्लीभर सांगत सुटले. डोक्याचं टेंगूळसुद्धा दाखवत सुटले.

निळ्या पण जगलाय, बरं का. आगीच्या वेळी तोच भुंकून भुंकून अर्धमेला झाला होता. म्हातारा झाला, दात पडलेत, पिंपवालीच्या उंबऱ्यावर पडून असतो. निळेपण त्याचं पहिल्याच वर्षी केस झडले तसं गेलं, पण नाव राहिलं. नवीन आलेली पोरं विचारतात, काळ्या कुत्र्याला निळ्या का म्हणता? कुणी काही सांगत नाही. असो. कुत्र्याचं कशाला लिहीत बसले मी.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून राख गरम होती, आणि वरचे आले.

हो, वरचे. खिंडीतले. तुझ्या हातातून पत्र पडलं असेल तर उचल आणि पुढे वाच. एकटी बसून वाच. मालकांना मग सांग.

दोघं होते. एक बाई, माझी लेक असती तर तिच्या वयाची, केस पुरुषासारखे कापलेले. दुसरा तरणा गडी, तोंडातून शब्द नाही. दोघांच्या अंगात तेच राखी रंगाचे जाड कोट, भर उन्हात. मी अंगणात पोतं अंथरलं, दूध दिलं. बाईने दूध घेतलं, गड्याने घेतलं नाही. बाईने भिंगरीला समोर बसवलं आणि एकच विचारलं, "आग कशाने लागली?"

भिंगरी खाली बघत म्हणाली, "माझ्यामुळे."

डांबराची चूल विझवणं तिच्याकडे असतं. दोराला डांबर लावून झालं की निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, हे काम तिचं. तिला आठवेना की पाणी ओतलं का नाही. आगीच्या रात्री ती जेवली नव्हती. मला वाटलं धक्का बसलाय. तर हे होतं पोटात.

बाई म्हणाली, "म्हणून आत शिरलीस?"

"माझ्यामुळे आज्जी मेली असती."

बाईने मान हलवली. बाजारात आंबा हातात घेऊन दाबून बघतात आणि टोपलीत ठेवतात ना, तशी. म्हणाली, "खिंडीवर आम्हाला हिच्यासारखं माणूस हवंय. यायचं तर स्वखुशीने. आम्ही कुणाला बांधून नेत नाही."

आणि माझी पोर म्हणते, "मी येते."

खोटं कशाला बोलू, धाकटे, पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. आपल्या घरातली पोर खिंडीवर! गल्ली गोळा झाली. पिंपवाली म्हणाली, "आक्का, तुझं नशीब." खिळे ठोकणाऱ्या म्हाताऱ्याने टोपी काढली, त्याने तर बापाच्या मरणालासुद्धा टोपी काढली नव्हती. मी फुगले होते. एक घटकाभर फुगले होते.

त्यांची एक रीत आहे. तुला ठाऊक आहे, पण लिहिते. ज्याचा जीव वाचला त्याने स्वतःच्या हाताने दोर वळायचा आणि जाणाऱ्याच्या कमरेला बांधायचा. ज्याच्यासाठी आत उडी घेतली, त्यानेच सोडायचं. बाई म्हणाली, "तुम्ही तर दोरवाल्याच. चांगला होईल." मी म्हटलं, "होईल की."

मग भिंगरी पाणी भरायला गेली, तो गडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, आणि मी आणि ती बाई दोघीच उरलो.

आणि मला आठवलं.

आगीच्या दिवशी जेवल्यावर मी पाय धुतले होते. उरलेलं तांब्याभर पाणी कुठे टाकायचं म्हणून डांबराच्या चुलीत ओतलं. चर्र झालं, वाफ आली, माझा पाय भाजता भाजता राहिला. म्हणजे निखारे मीच विझवले होते. पोरीने विझवले का नाही हा प्रश्नच नाही. त्या चुलीत आग नव्हती.

आई काय म्हणायची, आठवतं? वरच्यांना विचारलं तर ते खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना विचारायला कुणाची छाती होत नाही. माझी छाती कसली, नुसतं खोकल्याचं खोकं झालंय. पण मी विचारलं. "बाई, माझा दोरखाना कुणी पेटवला?"

ती म्हणाली, "आम्ही."

अशी म्हणाली, जशी मी म्हणेन की भाजीत मीठ मी घातलं.

मी म्हटलं, "मी आत होते."

"माहीत होतं. आम्ही मागच्या भिंतीजवळ आडोशाला उभे होतो. ती आली नसती तर आम्ही काढलं असतं."

"वेळेत?"

"बहुतेक."

मला वाटलं उठावं आणि हिच्या थोबाडीत द्यावी. पण गुडघे धरलेले, उठायला भिंत लागते. भिंत जळालेली. बसून राहिले. म्हटलं, "आणि पोरीला वाटतं तिने जाळलं."

"ते वाटायलाच हवं."

मग ती जे बोलली ते मी तसंच लिहिते. मला सगळं नीट कळलंय असं नाही, पण विसरता येत नाही. म्हणाली, "आजी, तुमच्या लहानपणी एका हिवाळ्यात खिंड फुटली होती. तुम्हाला आठवत असेल."

आठवत असेल! आईने आपल्या दोघींना वाखाच्या ढिगाखाली कोंबलं होतं, तू माझ्या दंडाला चावलीस ते वण अजून आहेत. आणि सकाळी खालची वस्ती तशीच उभी. दारं उघडी, चुलीवर भांडी कोमट, आणि माणूस एक नाही. एक पाळणा नुसताच हलत होता. आपण दोघींनी पाहिला तो. पुढे कधी त्यावर बोललो नाही.

बाई म्हणाली, "त्या रात्री खिंडीवर जे होते ते सगळे हौसेने आलेले. तलवारबाज, नावाजलेले, कशालाही न भिणारे. पलीकडून 'ते' आलं तेव्हा सगळे पळाले. ज्याला भीती माहीत नाही, त्याला ती पहिल्यांदा भेटली की तो पळतो. ज्याला वाटतं की एकदा आपल्या हातून झालंय आणि परत होऊ द्यायचं नाही, तो हलत नाही. तेव्हापासून आम्ही असेच निवडतो. तेव्हापासून खिंड फुटलेली नाही. तुमची नात, ही गल्ली, सगळं त्यावर झोपतंय."

धाकटे, यावर काय बोलायचं? तुला सुचतंय का बघ. तू दोन इयत्ता जास्त शिकलीस. मी आपली तिला म्हटलं, "अजून दूध देऊ?" ती नको म्हणाली. मग मी विचारलं, "तुझं काय होतं गं?" तर कोटाचं बटण लावत म्हणाली, "विहीर. माझी बहीण." "आणि तुला कधी कळलं?" म्हणाली, "जे माणसं निवडायला खाली उतरतात, त्यांनाच सांगतात. पहाऱ्यावरच्यांना सांगत नाहीत." मी म्हटलं, "आणि कळल्यावर काय केलंस?" म्हणाली, "खाली उतरले."

दोर झाला की पोरीला न्यायला येऊ म्हणाली, आणि जाताना बजावून गेली, "पोरीला सांगितलंत तर ती येणार नाही. मग तिच्या जागी खिंडीवर मोकळी जागा राहील. ते तुमच्यावर."

इथवर लिहिता लिहिता दुपार झाली. मधे उठून भिंगरीला वाढलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या तिने! बघून मलाच भूक लागली. हे मी आधी लिहायला हवं होतं, की पोर जेवते आहे, गाते आहे, पिंपवालीची नक्कल करून दाखवते आहे. या घरात हसू परत आलंय, धाकटे, आणि मी इतकी खूश आहे की सगळं उलटसुलट सांगते आहे. पण सांगू दे.

मधले ते दिवस वाईट गेले. पोर बोलेना. मी तिला एकटीला बसवून सांगितलं, अगं, निखारे मी विझवले होते, पाय धुतलेल्या पाण्याने. तर माझ्याकडे अशी दयेने बघते! म्हणते, "आज्जी, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." माझ्या तोंडचं खरं तिला खोटं वाटायला लागलं. ती मला दोर कधी वळायचा तेवढंच विचारायची.

मग काल आम्ही दोर वळायला घेतला. दोरखान्यात जागा नाही, म्हणून चाक बाहेर काढून गल्लीतच मांडलं. मी चाकाशी. ती परकर वर खोवून वाखाचे पेड धरून मागे मागे जात निघाली. आपण जायचो तशी. दोर लांबत जातो, माणूस लांब जातं, तोंड मात्र आपल्याकडे. मला कधी वाटलं नव्हतं ते काल वाटलं, की हे काम करायला माणूस पाठमोरं असतं तर बरं झालं असतं. पोर लांब लांब चालली आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. हसायचा प्रयत्न करत होती, मला धीर द्यायला. मला!

ती खिळेवाल्याच्या घरापर्यंत पोचली, आणि माझा हात चाकावर थांबला.

मी ओरडले. तेवढ्या अंतरावर हळू सांगता येतच नाही. म्हटलं, "भिंगरे! आग त्यांनी लावली!"

ती म्हणाली, "काय?"

"वरच्यांनी! आग वरच्यांनी लावली! त्या बाईने मला तोंडाने सांगितलं! तुला वाटावं म्हणून लावली! मी आत आहे हे माहीत असून लावली!"

माझा आवाज लहानपणी कसा होता तुला ठाऊक आहे, बाबा म्हणायचे ही पलीकडच्या गावातली गुरं वळवेल. खिडक्या उघडल्या. पिंपवालीच्या नवऱ्याचा पिंपावरचा ठोका थांबला. जे वरच्यांनी इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही, ते मी भर दुपारी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून सांगितलं. ठरवून नाही. दोर लांब होता म्हणून.

पोरीच्या हातातलं टोक सुटलं. पीळ भरलेला दोर सोडला की काय होतं, तुला सांगायला नको. सापासारखा उसळत माझ्याकडे आला आणि चाकाशी येऊन त्याचा गुंता झाला. ती तिथेच उभी राहिली. मग चालत आली, आधी हळू, मग पळत, आणि माझ्या मांडीत डोकं खुपसून जी रडली! मग विचारलं, "खरंच मी नाही?" मी म्हटलं, "तू नाहीस." परत विचारलं. परत सांगितलं. किती वेळा ते मोजलं नाही. आणि तेवढ्यात ती पिंपवाली परत रिकामी बादली घेऊन उभी! भिंगरी रडता रडता हसायला लागली.

संध्याकाळी मात्र मला म्हणाली, "आज्जी, मग तिथे कोण उभं राहणार?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही गं."

"कुणीतरी तर हवंच ना?"

"हवं."

मग उठून चाकाशी गेली आणि म्हणाली, "मोठी झाल्यावर जायचं वाटलं तर मी माझ्या पायाने जाईन. असं नाही." आणि तो गुंता उचलून तिने खुंटीला अडकवला. म्हणाली, ते आले की हाच द्यायचा त्यांना.

तिच्या मोकळ्या राहिलेल्या जागेतून उद्या 'ते' आलं, तर माझ्या तोंडामुळे आलं, हे मला कळतं. मी त्यावर पडून विचार करते. पण रडणाऱ्या पोराच्या पाठीवर डोकं टेकून झोप काढायची, हेही मला जमणार नाही.

आता धाकटे, पाणी पी. मी पण पिऊन आले.

त्या बाईला मी आणखी एक गोष्ट विचारली होती. ती अजून लिहिली नाही. आग, दोर, बादली सगळं लिहिलं, आणि तिथे पोचले की लेखणी दुसरीकडे वळायची. आता लिहिते.

मी विचारलं, "माझ्या बहिणीच्या रंगाच्या कुंडावरचं झाकण कुणी काढलं होतं?"

दुधाचा पेला तिने खाली ठेवला. मग म्हणाली, "आम्ही."

तुझा थोरला लेक रोज संध्याकाळी कुंडं झाकायचा. त्या दिवशीही त्याने झाकली होती. सगळी. त्याच्या हातून राहिलं नव्हतं, धाकटे. त्यांनी निळीच्या कुंडाचं झाकण काढलं आणि आत कुत्र्याचं पिल्लू टाकलं. थोरला उडी घेतो का ते बघायला. पिल्लाचा आवाज ऐकून थोरला येईल अशी त्यांची अटकळ. पण आवाज आधी ऐकला त्याच्या पाठच्या चिमण्याने.

थोरल्याने दोघांनाही वर काढलं. पिल्लू तेवढं जगलं. ते निळं पिल्लू कुणाचं, कुठून आलं, असं आपण सगळे विचारत होतो. नऊ वर्षं ते माझ्या दारासमोर झोपतंय आणि मी त्याला शिळं घालते आहे.

मी त्या बाईला म्हटलं, "लेकरू होतं ते." ती म्हणाली, "हो. आमचं चुकलं." मी म्हटलं, "आणि तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी थोरल्याला न्यायला आलात." म्हणाली, "हो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्यासारखा पहारेकरी आमच्याकडे दुसरा नाही. पाळी संपली तरी जागेवरून हलत नाही. कुणाशी बोलत नाही."

म्हणजे तो आहे. तुझा थोरला जिवंत आहे.

तू त्याला दारात काय बोललीस ते मी ऐकलं होतं. मी ते इथे लिहिणार नाही. कुठलीही आई बोलली असती. तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले असते. तो ते शब्द घेऊन तिथे उभा आहे, आणि ते शब्द खोट्यावर उभे आहेत, एवढंच मला तुला कळवायचं होतं. गल्ली सोडून गेलीस, रंगाचं काम सोडलंस, मला पत्रात थोरल्याचं नाव कधी लिहिलं नाहीस, मी पण काढलं नाही. आता काढते.

मी त्या बाईला म्हटलं, थोरल्याला निरोप दे. ती म्हणाली, "मी निरोप नेत नाही." मी म्हटलं, "मग?" तर उठली, कोट झटकला, आणि म्हणाली, "त्याच्या आईने मला समोर विचारलं तर मी खरं सांगेन. आणि ती माझ्यामागे वर चालत आली, तर मी तिला मागे फिरवणार नाही."

ती चांगली की वाईट, मला ठरवता येत नाही. तू समोर बघून ठरव.

भिंगरी जाणार नाही हे त्यांना अजून ठाऊक नाही. ते यायचे ते येणारच. गाडीवान आज निघतोय, त्याच्या हातात हे पत्र देते. त्याच गाडीने परत ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, माझे तुझ्याहून जुने आहेत आणि मी तुझ्याबरोबर वर चालणार आहे. भिंगरी पिंपवालीकडे राहील. जाड लुगडं आण, वर गार असेल. त्याच्यासाठी खायला काय आणायचं ते तुला माहीत.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. निळ्याला बघून रडू आलं तर रड, तो काही म्हणत नाही.

तुझ्याकडून दंडाला चावून घेतलेली,
आक्का

ते येत्या बुधवारी सकाळी येणार म्हणालेत.